रुखरुखीचे माप

शारजाच्या विमानतळावरून मायदेशी निघालेल्या माणसाचे सामान काट्यावर चढते हे सर्वश्रुत आहे. परंतु जो माणूस स्वतःच शवपेटीतून निघाला आहे त्याचेही, पेटीसकट, वजन घेतले जाई आणि किलोमागे इतके दिरहॅम या हिशेबाने त्याच्या आप्तांकडून भाडे वसूल होई, ही गोष्ट, इकडे दीड तप काढलेल्या मला, एका शेजाऱ्याच्या मृत्यूची कागदपत्रे घेऊन मालवाहतुकीच्या खिडकीपाशी उभे राहण्याचा प्रसंग येईपर्यंत ठाऊक नव्हती. रुग्णालयाचा दाखला, पोलिसांचे ना-हरकतपत्र, मृत्यूनोंदणीचा उतारा, व्हिसा रद्द झाल्याचा कागद, दुबईच्या भारतीय वकिलातीतून रद्द करून घेतलेला पासपोर्ट आणि एम्बामिंगचे प्रमाणपत्र, अशी दोन दिवस धावपळ केलेला त्या मृताचा धाकटा भाऊ अखेरीस काट्यासमोर आला, त्याने आकडा पाहिला आणि अत्यंत सौम्य, किंबहुना अजिजीच्या स्वरात विचारले, ‘पेटीचं वजन वजा करत नाहीत का?’ खिडकीतल्या माणसाने मान हलविली. त्या प्रश्नास आता बरीच वर्षे लोटली. भावाच्या आजारपणात या गृहस्थाने रात्री जागविल्या, कर्ज काढले, नोकरी पणास लावली. यांतले काहीही त्याच्या ध्यानी नाही. भेटला की तो एवढेच म्हणतो, ‘मी दादाचा भाव केला.’

पुढे 2019च्या जानेवारीत एअर इंडियाने अमिरातीपुरता हा तोलण्याचा प्रकार बंद करून प्रौढाच्या पार्थिवास 1500 व बारा वर्षांखालील बालकाच्या पार्थिवास 750 दिरहॅम असा सरसकट दर ठरविला. अजमानला राहून हजारो परक्या माणसांचे देह त्यांच्या त्यांच्या गावी पोहोचविणारे केरळीय गृहस्थ अश्रफ तामरश्शेरी हे या तोलाईविरुद्ध बोलणाऱ्यांत अग्रभागी होते. काटा गेला, त्या भावाच्या मनातला काटा मात्र आहे तेथेच आहे.

प्रस्तुत पुस्तिकेचा विषय हाच. जिवलग माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या मनात जो अपराधभाव ठाण मांडून बसतो त्याची मोजणी करता येते काय, येत असल्यास कोणत्या साधनाने, आणि त्या मोजणीचा शोकग्रस्तास उपयोग कोणता, याचा विचार माझ्या आतेबहिणीने, पुण्यात समुपदेशनाचे काम करताना जमविलेल्या टिपणांच्या आधारे, या पानांत केला आहे. मानसशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मी बांधकामखात्यात ओव्हरसियर होतो आणि 1998 साली शारजास येऊन, कंत्राटदाराची देयके तपासण्यासाठी झालेल्या कामाची परिमाणे काढणारा, ज्यास इकडे नुसते क्यूएस म्हणतात, तो झालो. म्हणजे लोखंड, काँक्रीट, गिलावा आणि खोदाई यांखेरीज मी आयुष्यात काही मोजलेले नाही. तरीही प्रस्तावना मीच लिहावी असा तिने हट्ट धरला. ‘दादा, जन्मभर मापं घेतलीस, आता हे माप कसं घेतलंय तेही तूच तपास,’ असे ती फोनवर म्हणाली. त्यात थोडी थट्टा होती आणि, मागाहून माझ्या लक्षात आले त्याप्रमाणे, थोडी युक्तीही होती.

बांधकामखात्यात झालेल्या कामाची मापे ज्या वहीत चढवितात तिला मोजमाप-पुस्तक, आणि आम्हां लोकांच्या बोलण्यात एमबी, असे नाव आहे. तिचे पान फाडता येत नाही, तिच्यात खाडाखोड चालत नाही, रबराचा तर स्पर्शही वर्ज्य. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारावयाची, ती अशी की जुना आकडा वाचता यावा, शेजारी नवा लिहावयाचा आणि त्याखाली सही करावयाची. नव्या उमेदवारास हा नियम जाचक वाटतो. मलाही वाटे. परंतु मृत्यूनंतर माणूस आपल्या आठवणींच्या वहीत नेमके काय करतो ते पाहिल्यावर त्या नियमाची थोरवी मला कळली; कारण त्या दिवशी आपणांस जे ठाऊक होते ते तो साफ खोडून टाकतो, त्या जागी आज जे ठाऊक आहे ते लिहितो, आणि सही तर करीतच नाही. घटनेचा शेवट एकदा कळला की तो शेवट आपणांस आधीपासूनच दिसत होता असे माणसास अगदी प्रामाणिकपणे वाटू लागते, हे बारूक फिशॉफ या संशोधकाने 1975 साली प्रयोगांनी दाखवून दिले. पश्चात्बुद्धी उशिरा येते म्हणून आपण तिला हसतो. तिचा खरा दोष हा की, आपण वेळेवर हजर होतो अशी खोटी हजेरी ती मागच्या तारखेने लावून ठेवते.

भावना मोजता येत नाहीत, असा एक आक्षेप आपल्याकडे मोठ्या ऐटीने घेतला जातो. वस्तूचे सारसर्वस्व आपणांस कळते असा दावा जगातल्या कोणत्याच मापाने आजवर केलेला नाही. टेप धरली की भिंतीची लांबी कळते. ती भिंत कोणाच्या मालकीची, हे टेप सांगत नाही, त्यासाठी सातबारा नाहीतर मिळकतपत्रिका काढावी लागते. तद्वत अपराधभावाची प्रश्नावली माणसास अपराध किती वाटतो एवढेच विचारते. त्याच्या हातून अपराध घडला की नाही याचा फैसला तिच्या अधिकारकक्षेत येत नाही. हे वरवर पाहता सोपे दिसते, परंतु बहिणीचा अनुभव असा की, उत्तरांची बेरीज जास्त आली म्हणजे समोरची व्यक्ती कागदावर बोट ठेवून म्हणते, ‘बघा, इथंसुद्धा आलंच.’ जो आकडा मदतीसाठी काढला तोच आरोपपत्राच्या पहिल्या कलमासारखा वाचला जातो. म्हणून बेरीज सांगावी कशी, यावर तिने लिहिलेले प्रकरण मला या पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे वाटते.

वैद्यकशास्त्राने या भावनेकडे बारकाईने पाहिले ते एका आगीनंतर. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बॉस्टन शहरातील कोकोनट ग्रोव्ह या करमणूकगृहात आग लागून 492 माणसे दगावली. एरिक लिंडमन यांनी त्या आगीतील मृतांचे आप्त व इतर शोकग्रस्त मिळून 101 जणांचे निरीक्षण केले आणि 1944 साली तीव्र शोकाची जी पाच लक्षणे मांडली, त्यांत अपराधाच्या विचाराने मन व्यापून जाणे हे एक होते. त्यांनी वर्णिलेल्या रुग्णांत, त्या आगीत पत्नीला बाहेर ओढता ओढता स्वतः बेशुद्ध पडलेला आणि त्यामुळे एकटाच वाचलेला एक तरुण होता. आपण तिला वाचवू शकलो नाही, हा विचार त्यास सोडीना आणि अखेर त्याने स्वतःचा अंत करून घेतला. मोजणी कशाला हवी, या प्रश्नाचे यापेक्षा सरळ उत्तर मला ठाऊक नाही.

फ्रॉइडचा दाखला मात्र मला अधिक जवळचा वाटतो, आणि तो त्यातल्या न्हाव्यामुळे. ऑक्टोबर 1896 मध्ये त्याचे वडील वारले. अंत्यविधीच्या दिवशी न्हाव्याकडे खोळंबल्यामुळे त्यास घरी पोहोचावयास उशीर झाला, घरच्यांचा रोष झाला, आणि त्या सुमारास त्यास स्वप्न पडले ते एका दुकानातल्या पाटीचे, जिच्यावर डोळे मिटण्याविषयी सूचना लिहिलेली होती. मृत पित्याचे डोळे मिटण्याचे पुत्राचे कर्तव्य, आणि पुत्राच्या हयगयीकडे इतरांनी डोळेझाक करावी ही विनवणी, असे दोन्ही अर्थ त्याने त्या पाटीत वाचले. आपल्याकडे बाप गेल्यावर मुलगा न्हाव्यापुढे बसतो तो विधीचा भाग म्हणून. व्हिएन्नात तोच न्हावी विधीच्या आड आला.

पुढे मोजणीची साधने पुष्कळ निघाली. ॲरन बेक यांची खिन्नता मोजणारी 1961 सालची 21 कलमी यादी आणि होली प्रिगरसन व सहकारी यांची गुंतागुंतीच्या शोकाची 1995 सालची 19 कलमी यादी या त्यांतल्या नामांकित. अपराधभावास मात्र बहुतेक ठिकाणी माजघरातल्या विधवेसारखी कोपऱ्यातली जागा मिळे. 2017 साली जिए ली, मार्गारेट स्ट्रोब, सिसिलिया चान आणि एमी चाऊ यांनी चिनी शोकग्रस्तांच्या अनुभवांवरून 14 विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचा विषयच हा, आणि तिची पाच अंगे आहेत. मृत्यूस आपण जबाबदार आहोत ही भावना पहिली. ‘डॉक्टर तेव्हाच बदलायला हवा होता’ हे तिचे आपल्या घरांतले रूप. मृतास आपण दुखविले ही दुसरी. शेवटच्या फोनवर चिडून बोललेले एक वाक्य तिला पुरते. आपण मागे उरलो ही तिसरी. शेजारची ताई नवरा गेल्यानंतर दोन वर्षे आंबा खात नव्हती. जे देणे होते ते दिले गेले नाही ही चौथी. या सगळ्याची तीव्रता किती, हे पाचवे अंग.

यांतले चौथे अंग पाहून मी थबकलो. चीनमधल्या घरांत बसून केलेल्या या विभागणीत ऋण हा स्वतंत्र रकाना निघतो, आणि आपल्याकडे तैत्तिरीय संहितेपासून माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, त्यांतले एक पितरांचे! युरोप-अमेरिकेतल्या जुन्या याद्यांत या देण्यास वेगळे खाते क्वचितच दिसते. आपल्या घरांत ते पहिल्याच पानावर आहे, आणि भाद्रपदाच्या वद्यपक्षात त्याचा वार्षिक हप्ता भरला तरी मुद्दल कमी होत नाही अशी त्याची ख्याती आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात जी ‘श्यामची आई’ लिहिली, तिच्यातला श्यामही आईच्या अखेरच्या घटकेस तिच्याजवळ नव्हता. ते पुस्तक मराठी घरांत पिढ्यानपिढ्या ओल्या डोळ्यांनी वाचले जाते, त्याचे हे एक कारण असावे असा माझा तर्क आहे.

आता भाषेविषयी, कारण ती चौदा विधाने बहिणीने या पुस्तिकेसाठी मराठीत आणली आहेत, आणि मी तिच्याशी भांडलो असेन तर याच बाबतीत. परक्या भाषेतली प्रश्नावली आपल्या भाषेत आणताना, एकाने भाषांतर करावयाचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत फिरवावयाचे, आणि दोन्ही मजकुरांची रुजवात घालून पाहावयाची, ही रीत रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या 1970 सालच्या लेखापासून रूढ आहे. रीत चांगली आहे. पण ‘अपराध’ हा शब्द मराठीत कचेरीत वाढलेला आहे. तो उच्चारताच कैफियत, जबानी, पंच आणि शिक्षा ही सारी मंडळी खोलीत येऊन बसतात. बहिणीकडे येणाऱ्या बायका ‘मला अपराधी वाटतं’ असे फारसे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, ‘तेवढं राहून गेलं’; म्हणतात, ‘मनाला लागून राहिलंय’; म्हणतात, ‘आतून खातं.’ आपल्या भाषेने या प्रदेशाची मोजणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. चुटपुट हलकी असते, गाडी चुकल्याची. खंत आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचीही वाटते, पाऊस न पडल्याची वाटते. टोचणीस मात्र स्वतःची करणी लागते. शल्य जुने झाले तरी जागेवरच असते. आणि रुखरुख ही न केलेल्या, करावयाच्या राहिलेल्या गोष्टीची. बहिणीने सगळ्या विधानांत ‘मनाला टोचतं’ हा एकच प्रयोग ठेवला आहे, कारण मापाचे एकक बदलता कामा नये असे तिचे म्हणणे, आणि मोजणीदार या नात्याने ते मला खोडता आले नाही. तरीसुद्धा ऋणाच्या विधानांना टोचणी लावणे म्हणजे गव्हास दुधाचे माप लावणे होय, असे माझे मत मी येथे नमूद करून ठेवतो. तिची ही मराठी विधाने अजून पुरेशा लोकांवर तपासली गेलेली नाहीत, हे तिने स्वतःच पहिल्या पानावर लिहिले आहे. ली क्रॉनबाख यांनी 1951 साली सांगितलेल्या गुणांकाने ती एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे पाहावयाचे आहे, आणि काही काळाने त्याच माणसांना तीच विधाने पुन्हा विचारावयाची आहेत. साखळी दुसऱ्यांदा टाकल्यावर अंतर बदलले तर साखळी तपासावी, हे आम्हांस पहिल्या वर्षी शिकवीत.

वस्तुतः ही रुखरुख मोजणारे एक उपकरण आपणांपाशी पूर्वीपासून आहे, आणि त्यास पंख आहेत. दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर पिंड मांडून सगळे बाजूस होतात. कावळा शिवेना झाला की एकेक जण पुढे होऊन मृतास आश्वासन देऊ लागतो, आणि ज्याच्या आश्वासनानंतर कावळा शिवतो त्याने मर्मावर बोट ठेवले असे मानले जाते. शेवटी कोणी दाद दिली नाही तर दर्भाचा कावळा करून प्रकरण निकालात काढतात. यात विनोद आहे, मान्य. परंतु जे घरात कधी बोलले गेले नसते ते चारचौघांत मोठ्याने बोलावयास लावणारी दुसरी कोणती सोय आपल्या समाजात आहे? साधन म्हणून कावळा बेभरवशाचा, कारण तो भुकेवर चालतो, इतकेच. शारजातही हा कावळा आहे. हिंदुस्थानातून गलबतांवर आणि आगबोटींवर बसून तो या किनाऱ्यावर आला आणि राहिला. व्हिसा, कफील म्हणजे प्रायोजक, मुदत, यांतले काही त्यास लागले नाही.

माझ्या आईस शारजा ठाऊक होते ते तेंडुलकरमुळे. 24 एप्रिल 1998 रोजी त्याने येथे अंतिम सामन्यात 134 धावा काढल्या आणि दोन महिन्यांनी मी इकडे आलो, तेव्हा ती गावात सांगे की पोरगा सचिनच्या गावी गेला. 24 एप्रिल 2021च्या रात्रीपासून अमिरातीने कोविडमुळे हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रवाशांस दार लावले. जावयास बंदी नव्हती, परतावयास होती. 22 तारखेस हे जाहीर झाले तेव्हा आई कऱ्हाडच्या एका इस्पितळात प्राणवायूवर होती. मुलींच्या फिया, घरभाडे, सहा महिन्यांवर बाहेर राहिल्यास रद्द होणारा व्हिसा, यांचा तपशील मी एका कागदावर मांडला, दोन रकाने केले, बेरजा घेतल्या आणि राहिलो. महिन्याच्या अखेरीस ती गेली. नगरपालिकेच्या माणसांनी अग्नी दिला. दहाव्यास धाकट्या भावाने कृष्णेच्या घाटावर मोबाईल उंच धरला आणि मी शारजाच्या रोला भागातल्या माझ्या गॅलरीतून पिंडाकडे पाहत उभा राहिलो. पाऊण तास झाला. ‘दादा, बोल काहीतरी,’ भाऊ म्हणाला. मी म्हणालो, ‘आई, विमानं सुरू झाली की लगेच येतो.’ कावळा कठड्यावर बसून होता. मग भाऊ मोबाईल खिशात ठेवून पुढे झाला. पडदा काळा झाला, नुसता आवाज आला, ‘आई, म्हैस विकणार नाही.’ आणि घाटावर गलका उठला.

मोजणीदाराच्या बुद्धीने मी नंतर विचार केला की, उंच धरलेला मोबाईल खाली गेला म्हणून पक्षी उतरला असेल. हे कारण मी तीन वर्षे स्वतःस पटवीत होतो.

शोक आजार केव्हा समजावा यावर शास्त्रातही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे 2022 पासून अमलात आलेले वर्गीकरण सहा महिन्यांची मुदत देते आणि लक्षणांत अपराधभावाचे नाव घेते. त्याच वर्षीची अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची सुधारित सूची प्रौढांस बारा महिने देते, म्हणजे आपले वर्षश्राद्ध होईतो थांबते, आणि तिच्या आठ लक्षणांत अपराधभाव नाही. पहिलीचे नामनिर्देशन व दुसरीची मुदत, असा सौदा झाला तर मी सही करीन.

पुस्तिकेचा मसुदा पाठविताना बहिणीने सोबत चौदा विधानांचा एक कोरा कागद ठेवला होता. मी तो पेन्सिलीने नव्हे, शाईने भरला. ‘मी असतो तर ती वाचली असती’ या अर्थाच्या विधानापुढे मी 4 लिहिले. मग इस्पितळाचे कागद काढून तारखा लावल्या, तिच्या प्राणवायूचे उतरत गेलेले आकडे पुन्हा वाचले, 4 वर आडवी रेघ मारली, शेजारी 2 लिहून सही केली. दुखविल्याच्या विधानापुढे 1. आम्ही भांडत नसू. ऋणाच्या विधानापुढे 5 लिहिले आहेत. त्या दिवशी मी बेरजा घेतल्या, मला सगळे ठाऊक होते आणि मी राहिलो. तेथे खोडण्यासारखे मला काही सापडले नाही. सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरावयाचा आहे असे ती म्हणते. मी उजव्या कडेस एक रकाना आखून ठेवला आहे.

शारजा